परवान्याचे पिस्तूल जवळ असताना पोलिसांनी गाडी थांबवली, तर आपणहून सांगावे का?

प्रश्न (ह्यूस्टन, टेक्सास)

नमस्कार. आमचे ह्यूस्टनजवळ एक छोटे दुकान आहे. रात्री उशिरा रोकड घेऊन घरी परतावे लागते, म्हणून ग्रीन कार्ड हाती आल्यानंतर मी रीतसर प्रशिक्षण घेऊन पिस्तुलाचा परवाना काढला. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, परंतु इतर राज्यांत मान्यता मिळावी यासाठी मी परवाना चालू ठेवला आहे.

पुढच्या महिन्यात आम्ही लुईझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिना या मार्गाने नॉर्थ कॅरोलिनातील राली येथे मोटारीने जाणार आहोत. गाडीत पत्नी आणि दोन मुले असतील. परतताना तिकडे विद्यार्थी व्हिसावर शिकणारा भाचाही सोबत येईल आणि अधूनमधून गाडी चालवील. वेगमर्यादा किंवा बंद पडलेला दिवा अशा किरकोळ कारणावरून आम्हाला थांबवले, तर पिस्तूल असल्याचे अधिकाऱ्याने विचारण्याआधीच सांगावे काय? माझे प्रशिक्षक सांगावे म्हणतात. एक अनुभवी परिचित म्हणतात की कायदा भाग पाडत नसेल तेथे तोंड उघडू नये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (टोलेडो, ओहायो)

या प्रश्नाला संपूर्ण देशासाठी एकच उत्तर नाही, आणि हे आम्हा टोलेडोकरांना चांगले ठाऊक आहे, कारण मिशिगनची हद्द आमच्या शहराला लागूनच आहे. मिशिगनमध्ये पिस्तूल बाळगणाऱ्या परवानाधारकाने पोलिसांनी थांबवताच ते तत्काळ सांगावे लागते. न सांगितल्यास पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड होतो आणि परवाना सहा महिने निलंबित होतो. ओहायोतही पूर्वी आपणहून सांगण्याची सक्ती होती. १३ जून २०२२ पासून ती बदलली असून आता अधिकाऱ्याने विचारल्यास खरे सांगणे एवढेच बंधन उरले आहे. मात्र हात अधिकाऱ्याला दिसतील असे ठेवण्याचे बंधन कायम आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची अट तीच आहे.

तुमच्या मार्गावर लुईझियाना आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन्ही राज्यांत परवानाधारकाने आपणहून सांगणे आवश्यक आहे, तर जॉर्जियात तसे बंधन नाही. टेक्सासमध्ये पिस्तूल जवळ असताना पोलिसांनी ओळखपत्र मागितले की वाहन परवान्यासोबत पिस्तुलाचा परवानाही दाखवावा, असा नियम आहे. उरलेल्या राज्यांचे नियम निघण्याच्या आठवड्यात त्या त्या राज्याच्या शासकीय संकेतस्थळावर स्वतः वाचून घ्यावेत. गेल्या काही वर्षांत हे कायदे इतक्या वेगाने बदलले आहेत की दोन वर्षांपूर्वीच्या तक्त्यावर विसंबणे धोक्याचे ठरेल.

माझे मत विचाराल तर सर्वत्र सांगून टाकावे. ओहायोत परवान्याची नोंद पोलिसांच्या संगणकावर दिसते. त्यामुळे अधिकारी खिडकीशी येतो तेव्हा बहुधा त्याला ती माहिती असते, आणि ती तुमच्याच तोंडून शांतपणे आली की त्याच्या मनावरचा ताण उतरतो.

उत्तर २ (मिनियापोलिस, मिनेसोटा)

वरील उत्तरातील कायद्याची माहिती मला मान्य आहे, परंतु सांगितल्याने ताण उतरतो हे विधान मी जसेच्या तसे स्वीकारू शकत नाही. ६ जुलै २०१६ रोजी आमच्या शेजारच्या फाल्कन हाइट्स येथे फिलँडो कॅस्टील यांची गाडी मागील दिव्याच्या कारणावरून थांबवण्यात आली. ते सेंट पॉलमधील एका शाळेच्या भोजनगृहात काम करणारे कृष्णवर्णीय गृहस्थ होते आणि त्यांच्याकडे परवाना होता. मिनेसोटात अधिकाऱ्याने विचारल्यावरच सांगण्याचे बंधन आहे. तरीही त्यांनी आपल्याजवळ शस्त्र असल्याचे न विचारता आणि अदबीने सांगितले. त्यानंतर काही सेकंदांतच अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्यांची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. त्या अधिकाऱ्यावर खटला चालला आणि जून २०१७ मध्ये तो निर्दोष सुटला.

ही घटना मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. त्या संभाषणाचा क्रम पाहावा, एवढीच माझी विनंती आहे. अधिकाऱ्याने आधी वाहन परवाना आणि विम्याचा कागद मागितला होता. कॅस्टील यांनी विम्याचा कागद दिला आणि मग शस्त्राचा उल्लेख केला. शस्त्र बाहेर काढू नका, असे अधिकारी ओरडला; मी ते काढत नाही, असे ते सांगत राहिले. शस्त्राची बातमी आणि हाताची हालचाल या दोन गोष्टी एकाच क्षणी आल्या, आणि समोर घाबरलेला अधिकारी होता. दोष त्या अधिकाऱ्याचा होता, हे माझे ठाम मत आहे. तरीही आपल्या हातात जे आहे ते आपण नीट करावे.

म्हणून आपणहून सांगायचे ठरवले, तर ते अगदी आरंभी, दोन्ही हात स्टिअरिंगवर असताना आणि कागदपत्रे मागितली जाण्यापूर्वी सांगावे. वाक्याची सुरुवात शस्त्राच्या नावाने करू नये. ‘माझ्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, ते उजव्या कमरेला आहे, मी हात हलवत नाही, आपण सांगाल तसे करतो,’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य पाठ करून ठेवावे आणि ते घाई न करता उच्चारावे. याहूनही मोलाची तयारी घरीच होते. पाकीट आणि पिस्तूल एकाच बाजूला ठेवू नये. विम्याचा कागद आणि नोंदणीपत्र ज्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे त्यात पिस्तूल कधीही ठेवू नये. ही कागदपत्रे प्रवासाला निघतानाच डोक्यावरच्या सन व्हायझरला अडकवून ठेवावीत, म्हणजे गाडी थांबल्यावर काही शोधण्यासाठी वाकावे लागणार नाही. रात्र असेल तर आतील दिवा लावावा. पत्नीलाही हे सर्व सांगून ठेवावे, कारण घाबरून पर्स उघडणाऱ्या सहप्रवाशाकडेही अधिकाऱ्याचे लक्ष असते.

उत्तर ३ (एडिसन, न्यू जर्सी)

प्रश्नात एक वाक्य आहे, त्याकडे अद्याप कोणी लक्ष दिलेले नाही, आणि मला मूळ प्रश्नापेक्षा तेच अधिक गंभीर वाटते. भाचा विद्यार्थी व्हिसावर आहे. विद्यार्थी, एच-१बी किंवा एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकारीचा परवाना असल्यास सूट मिळते, असे काही मोजके अपवाद आहेत. राज्याने परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली असली तरी ही मनाई उठत नाही. तुम्ही पेट्रोल पंपावरील दुकानात गेलात, पिस्तूल सीटखाली राहिले आणि गाडी भाच्याच्या ताब्यात असताना पोलीस आले, तर ते शस्त्र कोणाच्या ताब्यात होते हा प्रश्न त्याच्याविरुद्ध उभा राहू शकतो. बंदुकीसंबंधी दोषसिद्धी झाल्यास देशाबाहेर काढले जाण्याची कारवाई होऊ शकते, आणि ही तरतूद ग्रीन कार्डधारकांनाही लागू आहे. एका क्षणाच्या गैरसोयीपायी मुलाचे शिक्षण पणाला लावू नये. तो गाडी चालवणार असेल त्या टप्प्यात पिस्तूल रिकामे करून, कुलूपबंद पेटीत घालून डिकीत ठेवावे, किल्ली तुमच्याजवळ असावी आणि तुम्ही गाडी सोडून दूर जाऊ नये. निघण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलांशी एकदा बोलून घेतल्यास अधिक उत्तम. माझा सल्ला तर पिस्तूल या प्रवासात घरीच ठेवावे असा आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. भाच्याच्या बाबतीत आम्ही असा विचारच केला नव्हता. तो गाडी चालवणार नाही, आणि पिस्तूल न्यावे की नाही हे आम्ही दोघे बसून ठरवू. आणखी एकच शंका आहे: अधिकाऱ्याने पिस्तूल ताब्यात मागितले तर ते आपण काढून द्यावे काय?

उत्तर २ (मिनियापोलिस, मिनेसोटा)

आपण होऊन हात लावू नये. थांबवलेल्या चालकाला गाडीबाहेर उतरण्यास सांगण्याचा पोलिसांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच मान्य केला आहे, आणि तपासणी होईपर्यंत अधिकारी शस्त्र स्वतःकडे ठेवू शकतो; तेथे वाद घालू नये. मात्र ‘काढून द्या’ असे म्हटले तरी, ‘ते आपणच काढून घेतल्यास मला अधिक सुरक्षित वाटेल, मी बाहेर येऊन पाठ फिरवून उभा राहू का?’ असे विचारावे. गाडीची झडती घेऊ द्याल का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याला सौम्य शब्दांत नकार देण्याचा हक्क पिस्तूल जाहीर केल्यानंतरही तुमच्याकडे राहतो. मात्र नकारानंतरही अधिकारी झडती घेऊ लागला, तर त्याला अडवू नये, त्याची दाद नंतर न्यायालयात मागता येते.