टोनी विल्यम्सचा पहिला अल्बम

ड्रमर बँडलीडर झाला की अल्बमभर ड्रम्सच गाजत राहतात, असं एक मत आहे, ते मला पटलं नाही. जॅझ ड्रमर टोनी विल्यम्सचा 'लाइफ टाइम' हा अल्बम ऐकून बघा. ऑगस्ट १९६४मध्ये ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीसाठी तो रेकॉर्ड झाला तेव्हा टोनी जेमतेम १८ वर्षांचा होता, प्रसिद्ध ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये वाजवत होता. सगळ्या रचना त्याच्याच. सुरुवातीच्या दोन भागांच्या रचनेत सॅम रिव्हर्सच्या टेनर सॅक्सोफोनसोबत चक्क दोन डबल बास आहेत, पियानो नाहीच. आणि शेवटच्या रचनेत फक्त हर्बी हॅनकॉकचा पियानो आणि रॉन कार्टरचा बास. टोनी स्वतः वाजवतच नाही! पहिल्याच अल्बमचा शेवट काठ्या खाली ठेवून करायला केवढा आत्मविश्वास लागत असेल! ती रचना आधी ऐका, शक्यतो रात्री, हेडफोन लावून.