मदत हवी आहे: काकांच्या फ्रेममधलं शिलाई मशीन आणि छत्री, खरं एचिंग की छापील पोस्टर?

पोखरणरोडकर:
नमस्कार मंडळी, चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या मोठ्या काकांचा ठाण्याच्या नौपाड्यातला फ्लॅट रिडेव्हलपमेंटला गेलाय, महिनाअखेर खाली करायचाय. काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी फ्रान्समधल्या मार्सेलहून आणलेलं एक चित्र गेली कित्येक वर्षं हॉलमध्ये लटकतंय आणि लहानपणी आम्हाला त्याची जाम भीती वाटायची. समुद्रावर शिलाई मशीन तरंगतंय, सुईच्या जागी पक्ष्याची चोच, शेजारी उलटी छत्री आणि छत्रीत एक कान. हो, कानच. खाली पेन्सिलने डावीकडे ३८/१२० आणि उजवीकडे कोंबडीने उकरल्यासारखी सही, मधे फ्रेंचमध्ये कवितेसारख्या दोन ओळी.

आता चुलतभाऊ म्हणतो हे त्या प्रसिद्ध स्पॅनिश चित्रकार साल्वादोर डालीचं आहे, लाखोंचं आहे, वाटणीत धरा. काकू म्हणते रद्दीत द्या एकदाचं. मला तर ते हवंय. पण कागदावर तपकिरी ठिपके आलेत आणि एक कोपरा काचेला चिकटल्यासारखा दिसतो. आमच्या इथल्या फ्रेमवाल्याने बघताक्षणी "साहेब, ओल्या फडक्याने पुसून नवीन काच टाकतो" म्हटलं म्हणून उलट्या पावली परत आलो. दोनच प्रश्न आहेत, खरं की खोटं कसं ओळखायचं आणि फ्रेम उघडू का?

शाईचा_डाग:
फडक्यापासून वाचवलंत, निम्मं काम तिथेच झालं. एचिंगमध्ये तांब्याच्या नाहीतर जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने त्यात ओरखडून चित्र काढतात आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडतात, उघड्या रेघा ॲसिड खातं, मग त्या खाचांत शाई भरून वर ओलसर कागद ठेवून रोलरच्या प्रेसमधून काढतात. त्यामुळे शाईची रेघ कागदावर किंचित उठून असते आणि पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट उमटते. रात्री दिवे बंद करा, टॉर्च एका बाजूने आडवा धरा आणि बघा. घड्याळवाल्याचं भिंग मिळालं तर रेघ अखंड आहे की बारीक ठिपक्यांची तेही कळेल, ठिपके म्हणजे छापखान्यात छापलेली नक्कल. फक्त चौकटीवर मात्र भाळू नका, ती नकलेवरही वेगळी दाबून देतात. ३८/१२० म्हणजे १२० प्रतींतली ३८वी.

नौपाडा_नाका:
डाली निघाला तर पार्टी पाहिजे!!!

शाईचा_डाग:
डालीचं नाव निघालं की मी आधी सावध होतो. १९७४ मध्ये फ्रेंच कस्टम्सने एक गाडी अडवली होती, त्यात त्याने नुसती सही केलेले ४०,००० कोरे कागद सापडले. म्हणजे सही खरी असली तरी चित्र त्याचंच असेल असं नाही. आणि तुमचं मशीन-छत्री प्रकरण कवितेतलं आहे. लोत्रेआमाँ नावाचा कवी, उरुग्वेतल्या माँतेव्हिदेओत जन्मला आणि १८७० मध्ये पॅरिसमध्ये २४व्या वर्षी वारला. त्याच्या गद्यकाव्यात चिरफाडीच्या टेबलावर शिलाई मशीन आणि छत्रीची अचानक भेट होते, तितकं सुंदर, अशी उपमा आहे. अतिवास्तववाद्यांनी, म्हणजे डालीसारख्या स्वप्नातली वाटावी अशी विचित्र चित्रं काढणाऱ्यांनी, ती अक्षरशः डोक्यावर घेतली. मॅन रे नावाच्या अमेरिकन कलाकाराने १९२० मध्ये एक वस्तू चादरीत गुंडाळून दोरीने बांधली आणि तिला त्या कवीचं नाव दिलं. डालीनेही १९३४ मध्ये त्या काव्यासाठी चित्रं केली. म्हणून मशीन दिसलं की डाली असं होत नाही, त्या उपमेवर पुष्कळांनी हात साफ केलेत.

आणि चिकटलेला कोपरा ओढू नका! शाई काचेवर राहील. फोर्टच्या शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. तोवर ओल असलेल्या भिंतीला लावू नका, सेलोटेप नको, ऊन नको.

पोखरणरोडकर:
अपडेट. रात्री टॉर्चचा प्रयोग केला. रेघांना सावली पडते!! समुद्राच्या लाटा तर केसासारख्या बारीक उभ्या राहिल्यात, भिंगातून ठिपका कुठेच नाही, छत्रीची काळी शाई चकाकते. चौकटही आहे पण तुम्ही म्हणालात म्हणून तिला मार्क दिले नाहीत. मागे पुठ्ठ्यावर जुन्या मराठी पेपरची रद्दी चिकटवलीय, ओल तिथूनच आली असणार, फ्रेमिंग नक्की ठाण्यातलंच. चुलतभावाला ४०,००० कागदांची गोष्ट सांगितली, तो सध्या गप्प आहे.

फ्रेम उघडलेली नाही. सोमवारी फोन करतो. इतकी मोठी काच घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढायची हिंमत नाही, दुपारची धीमी पकडीन. कुणाला फ्रेंच येत असेल तर खालच्या दोन ओळींचा फोटो टाकतो, कान कुठून आला तेवढं सांगा. तोवर चित्र पलंगावर आडवं ठेवलंय आणि बायको विचारतेय आम्ही झोपायचं कुठे.