अधिकार की परवानगी?
१९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने भारतीय स्त्रीला गर्भपाताचा अधिकार केव्हाच दिला असल्याने अमेरिकेतला गर्भपाताच्या हक्काचा वाद आपल्याला लागू होत नाही, हे मत मला अर्धेच पटते. गर्भपात घडवून आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार मुळात आजही गुन्हाच आहे. १९७१चा कायदा त्यातून नोंदणीकृत डॉक्टरला संरक्षण देतो, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतरही वीस आठवड्यांपर्यंत एका, तर ठरावीक गटांतील स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे अनुकूल मत लागतेच. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्या गटांत धरले. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवडे उलटलेल्या एका विवाहितेला त्याच न्यायालयाने परवानगी नाकारली.

आमच्या इंदूरात प्रश्न याच्याही आधीच अडतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती कायद्याला पुरेशी असताना नवऱ्याची सही मागितली जाते, आणि सुशिक्षित मराठी घरांतूनही (आमची रामबाग ही इथली मराठी वस्ती धरून) ती निमूटपणे दिली जाते. लिंगनिवडीच्या संशयाला डॉक्टर भितात, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी १९९४चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो लिंगनिदानाला रोखतो, गर्भपाताला नव्हे.