इंजिन बदललं आणि आता गाडी चालूच होत नाही : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतोय. इंजिन बदलल्यावर गाडी सुरू होत नाही म्हणून नवं बसवलेलं इंजिनच खराब निघालं असं ठरवून ते परत उतरवायला निघालेली माणसं मी बघितलीयत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा इंजिनाचा काही दोष नसतो, दोष असतो इंजिन काढताना जे जे सोडलं आणि परत जोडलं त्यात. एखादी अर्थिंगची पट्टी, एखादा कपलर (वायरींचा प्लग), एखादा पाईप. ज्यांच्यावर ही वेळ आलीय किंवा जे हे काम रोज करतात त्यांनी लिहा, नक्की काय झालं होतं आणि कसं सापडलं.

एकच विनंती, सुरुवातीला हे सांगा की सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारल्यावर इंजिन फिरतच नव्हतं, की फिरत होतं पण पकडत नव्हतं, म्हणजे स्वतःच्या बळावर चालू होत नव्हतं. या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'चालू होत नाही' एवढंच सांगितलं तर समोरचा मदत तरी कशी करणार.

*

आमची फिरतच नव्हती. चावी फिरवली की टक, डॅशबोर्डचे लाईट मंद, बस्स. बॅटरी नवी, 12.6 व्होल्ट दाखवतेय, मग सेल्फ बदलला, तरी तेच. शेवटी एका जुन्या वायरमनने बोनेट उघडून अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि म्हणाला ही गरम का लागतेय? इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जी अर्थिंगची विणलेली पट्टी असते ती मेकॅनिकने परत लावलीच नव्हती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं त्यामुळे बॉडीशी त्याचा तसा धातूचा संबंधच येत नाही, मग सेल्फला लागणारा शंभर-दोनशे अँपिअरचा करंट मिळेल त्या वाटेने परत जायला बघतो, आमच्याकडे तो त्या बारीक केबलमधून जात होता. पट्टी लावली, पहिल्या सेल्फला गाडी चालू.

तपासायचं असेल तर सोपंय, जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारा. फरक पडला तर अर्थिंगच.

*

वरच्या अनुभवाला दुजोरा. मल्टीमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक इंजिन ब्लॉकला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग कच्चं आहे समजा. पट्टी असूनही असं होतं बरं का, खाली रंग किंवा गंज असला की. घासून चकचकीत करा मगच बोल्ट आवळा.

*

माझं काम ऑटो इलेक्ट्रिकचं आहे आणि मला स्वतःला या विषयाबद्दल फार पोटतिडकीने सांगावंसं वाटतं कारण माझ्याकडे गाडी येते तेव्हा आधीच चारपाच पार्ट विनाकारण बदललेले असतात. फिरतंय पण पकडत नाही, अशी गाडी आली की मी सगळ्यात आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं यंत्र) लावून सेल्फ मारताना आरपीएम किती दिसतो ते बघते. 150 ते 250 च्या आसपास काहीतरी दिसायला हवं. शून्य दिसलं तर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये, मग तो ठिणगी पण देणार नाही आणि इंजेक्टरही उघडणार नाही, तुम्ही प्लग बदला नाहीतर पंप बदला.

मागे एक गाडी आली होती त्यात क्रँक सेन्सर (इंजिनचा मुख्य दांडा फिरतोय हे ईसीयूला सांगणारा) नवा टाकलेला, तरी शून्य. मी वायर हाताने चाचपत खाली गेले तर ती बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनला जुळणारं तोंड) आणि ब्लॉकच्या मध्ये चेपलेली, गिअरबॉक्स जोडताना आत राहिली आणि वरून बोल्ट आवळले. वरचं आवरण नीट दिसत होतं, आतली तांब्याची तार कापलेली. गिअरबॉक्स थोडा मागे घेऊन वायर जोडली.

दुसरं म्हणजे बऱ्याच इंजिनांत क्रँक सेन्सरचा आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सेन्सरचा कपलर दिसायला सारखाच असतो, एकमेकांत सहज बसतो. सेन्सर बदलायच्या आधी तेवढं बघा.

*

ताईंनी सेन्सरचं लिहिलंय त्यात भर. आमच्याकडे इंजिन त्याच मॉडेलचं होतं पण वेगळ्या वर्षाचं. सेन्सर चांगला, वायर चांगली, आरपीएम पण दिसायचा पण उड्या मारत, आणि गाडी पकडायची नाही. फ्लायव्हीलवर (इंजिनच्या टोकाचं जड चाक) सेन्सरसाठी जे दाते असतात ते वेगळे निघाले. आमच्या ईसीयूला 60 वजा 2 हवे होते, म्हणजे 58 दाते आणि दोनाची मोकळी जागा, त्या जागेवरून ईसीयू पिस्टन कुठे आहे ते ओळखतो. नव्या इंजिनवर 36 वजा 1 वाली रिंग होती. जुन्या इंजिनचं फ्लायव्हील काढून यावर बसवलं आणि झालं. म्हणून जुनं इंजिन लगेच भंगारात देऊ नका हो, गाडी नीट चालेपर्यंत ते शेजारी ठेवा, कुठला सेन्सर कुठे होता हे बघायला पण तेच कामाला येतं.

*

आमची चालू व्हायची आणि एकदोन सेकंदात बंद पडायची, दर वेळी अगदी तशीच. चावीचं चित्र असलेला लाईट लुकलुकत होता पण तिकडे कोणाचं लक्षच नाही, सगळे पेट्रोल पंपाच्या मागे. इंजिनसोबत त्याचा ईसीयू पण आला होता आणि मेकॅनिकने तोच लावला होता. त्याला आमच्या चावीची ओळख नाही, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) गाडी बंद करणारच. जुना ईसीयू परत लावल्यावर प्रश्न मिटला. काही गाड्यांमध्ये अशा वेळी अजिबात पकडतच नाही असंही ऐकलंय. इंजिन त्याच प्रकारचं असेल तर आपलाच ईसीयू ठेवा, नाहीतर चावी आणि ईसीयू स्कॅनरवरून जुळवून घ्यावं लागतं.

*

डिझेलवाल्यांसाठी लिहितो. इंजिन बदलताना लाईन रिकामी होते, आत एअर जाते, ती काढल्याशिवाय गाडी सात जन्मात चालू होणार नाही. फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा, तो कडक होतच नसेल तर कुठूनतरी हवा खेचतोय, बहुतेक वेळा फिल्टरच्या सीलमधून किंवा क्लिपमधून. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये टाकून बघा, बुडबुडे डोळ्यांना दिसतात. आमच्याकडे ते सगळं करूनही होईना, तेव्हा कळलं की डिझेल येणारा आणि परत जाणारा पाईप उलटसुलट लावलेत. दोन्ही एकाच जाडीचे!

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझलच्या पाईपचा नट सैल करून सेल्फ मारायचा आणि एअर काढायची ही पद्धत बरोबर आहे, पण कॉमन रेलला (नव्या डिझेल गाड्या, सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल) चुकूनही असं करू नका. तिथलं प्रेशर शेकडो बारमध्ये असतं, बारीक फवारा कातडी फोडून आत जातो, आणि अशी जखम वरून लहान दिसली तरी थेट दवाखान्यात न्यावं लागतं. कॉमन रेलमध्ये स्कॅनरवर रेल प्रेशर बघा, सेल्फ मारताना साधारण 200 बारच्या पुढे गेल्याशिवाय बऱ्याच गाड्यांचा ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही.

आणि ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारा) असलेल्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारू नका, इनटेकमध्येच भडका होतो.

*

माझ्या कामात टायमिंगच्या, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकल्याच्या, केसेस जास्त येतात. वापरलेलं इंजिन असलं की बसवायच्या आधी बेल्ट बदलतात, चांगलंच आहे ते, पण बदलल्यावर पान्याने हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून मार्क परत जुळतात का ते बघायचा कंटाळा करतात. दाते सरकले तर गाडी इनटेकमधून फटाके मारते किंवा सेल्फ नेहमीपेक्षा हलका, पटापट फिरतो. कानाला लगेच कळतं, कॉम्प्रेशनचा जो दाब लागतो तो लागतच नाही. हाताने फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह वाकतील.

मग कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. चारही सिलिंडरला सारखंच कमी आलं तर आधी टायमिंग बघा, एकालाच कमी आलं तर व्हॉल्व्ह नाहीतर रिंग. इंजिन बरेच महिने पडून असेल तर रिंगा कोरड्या असतात, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून परत मोजा, वाढलं तर सेल्फ मारत राहिल्यावर येईल जागेवर.

डिस्ट्रिब्युटरवाली (एकेका प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) जुनी गाडी असेल तर एक नंबरचा पिस्टन वर आलाय म्हणून खूश होऊ नका, तो कॉम्प्रेशनलाच वर आलाय ना ते प्लगच्या भोकावर बोट ठेवून बघा, हवा बोटाला ढकलायला हवी. नाहीतर डिस्ट्रिब्युटर 180 अंश उलटा बसतो. आणि वायरींचा क्रम, बहुतेक चार सिलिंडरना 1-3-4-2.

*

आमच्याकडे सगळं होतं, ठिणगी, पेट्रोल, रेलला साडेतीन बार प्रेशर. प्लग काढले की ओले चिंब. शेवटी इनटेक मॅनिफोल्ड काढला तर आत निळा कापडी बोळा, इंजिन ठेवताना भोकात कचरा जाऊ नये म्हणून कोणीतरी कोंबलेला. हवाच जात नव्हती.

*

सगळे अनुभव वाचले. माझी पेट्रोल गाडी आत्ता याच अवस्थेत आहे, फिरते पण पकडत नाही, पंपाचा आवाज येतो, मेकॅनिक म्हणतोय इंजिन परत पाठवू. काय करू?

*

दादा, इंजिन अजिबात उतरवू देऊ नका. सेल्फ एका वेळी दहा सेकंदाच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळेल. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या, सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्या खाली जात असेल तर बाकीच्या चाचण्यांना अर्थ नाही. मग चावी ऑन करून इंजिनचा लाईट लागतो का आणि चावीचा लाईट लुकलुकतो का ते बघा, इंजिनचा लाईटच लागत नसेल तर ईसीयूला सप्लाय नाही, मेन रिले आणि फ्यूज बघा. नंतर स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम बघा, आणि एक प्लग काढून तो कोरडा आहे की ओला ते. हे सगळं इथे टाका, आकड्यांसकट, पुढचं त्यावरून सांगतो.