ॲपचं ट्रॅफिक बर्पमध्ये (ॲप आणि सर्व्हरमधला संवाद मधेच पकडून दाखवणारं टूल) दिसतच नाहीये, काय करू?

भाजणीचं_थालीपीठ
मंडळी, आमच्याच कंपनीच्या अँड्रॉइड ॲपचं सिक्युरिटी टेस्टिंग माझ्या गळ्यात पडलंय (परवानगी मेलवर रीतसर आहे). फोनच्या वायफायला प्रॉक्सी (मधला थांबा) म्हणून लॅपटॉपचा आयपी आणि 8080 पोर्ट दिला, बर्पचं सर्टिफिकेट फोनमध्ये टाकलं, क्रोममधलं सगळं झकास दिसतंय पण ॲप उघडलं की बर्प ढिम्म, आणि ॲप मात्र मजेत चालू, लॉगिनपण होतंय. जेडॅक्समध्ये (ॲपचा कोड उलगडून दाखवणारं टूल) एपीके, म्हणजे ॲपची फाइल, उघडला तर मेनॲक्टिव्हिटीत चार ओळी, बाकी नुसत्या लायब्रऱ्या. आमचा कोड गेला कुठे??

जुना_रूट
अँड्रॉइड 7 पासून युजरने टाकलेलं सर्टिफिकेट ॲप्स बाय डिफॉल्ट मानत नाहीत. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये (कुठली सर्टिफिकेट मानायची ते ठरवणारी ॲपची फाइल) डीबग-ओव्हरराइड्स टाकून डीबग बिल्ड, म्हणजे टेस्टिंगपुरतं ॲप, मागून घ्या, उगाच फ्रिडा (चालू ॲपमध्ये घुसून त्याचं वागणं बदलणारं टूल) वगैरेच्या मागे लागू नका.

रातपाळी
रूटभाऊ, सर्टिफिकेटचा घोळ असता तर ॲपने नेटवर्क एररची बोंब मारली असती आणि बर्पच्या इव्हेंट लॉगमध्ये टीएलएस हँडशेक (सुरक्षित कनेक्शनची सुरुवात) फेल झालेलं दिसलं असतं. इथे ॲप सुरळीत चालतंय, म्हणजे ते प्रॉक्सीकडे फिरकतच नाहीये. थालीपीठ, एपीके झिपसारखा उघडा, लिब फोल्डरमध्ये लिबफ्लटर आणि लिबॲप नावाच्या एसओ फाइल्स आहेत का बघा.

भाजणीचं_थालीपीठ
आहेत, दोन्ही!

रातपाळी
मग ॲप फ्लटरमध्ये (गूगलचं ॲप बनवायचं फ्रेमवर्क, भाषा डार्ट) बनवलंय, विषय संपला. डार्ट फोनची प्रॉक्सी सेटिंग बघतच नाही आणि टीएलएसपण स्वतःचंच वापरतं, त्यामुळे वरचा कॉन्फिगचा उपाय इथे लागू पडणार नाही. तुमचा कोड मशीन कोड होऊन लिबॲपमध्ये बसलाय, जेडॅक्स फक्त जावा-कोटलिनची बाजू दाखवणार. डेव्हलपर तुमचेच आहेत ना, त्यांना सांगा डीबग बिल्डमध्ये एचटीटीपी-ओव्हरराइड्समधून (डार्टची नेटवर्क सेटिंग बदलायची सोय) प्रॉक्सी द्या आणि तिथेच बर्पचं सर्टिफिकेट चालवून घ्या, दहा ओळींचं काम आहे. फक्त ते रिलीजमध्ये जाता कामा नये, जातं बरं का, बघितलंय. बाहेरचं कुणी टेस्ट करत असेल तर रीफ्लटर (फ्लटर ॲपमध्ये बदल करून ट्रॅफिक दाखवणारं टूल), नाहीतर फ्रिडाने लिबफ्लटरमधलं सर्टिफिकेट तपासणारं फंक्शन हुक करायचं (मधेच अडवून बदलायचं), पण दर व्हर्जनला त्याची जागा बदलते म्हणून डोकेदुखी.

नवा_भिडू
हे माझ्या बँकेच्या ॲपवर चालेल का, सहज शिकायला

जुना_रूट
परवानगी नसेल तर नको रे बाबा, आयटी कायदा 2000 चं कलम 43 आणि 66 वाच. शिकायला ओवास्प या सिक्युरिटी संस्थेचे अनक्रॅकेबल नावाचे सरावाचे ॲप्स फुकट आहेत, ते फोड हवे तेवढे.

भाजणीचं_थालीपीठ
नवीन बिल्ड मिळाला, सगळं दिसतंय 🙏 ओटीपी मागितला तर रिस्पॉन्समध्ये ओटीपीच परत येतोय. जिरा टिकट (बगची नोंद) टाकायला चाललो.