तेराव्या वर्षी मित्रांना 'नको' कसं म्हणायचं?

आठवीची आई: मुलाचं दप्तर आवरताना वहीत चपटी झालेली एक सिगारेट सापडली. न पेटवलेली. तंबाखूची भुकटी पानांच्या शिवणीत सांडलेली. विचारलं तर आधी गप्प, मग म्हणाला, "चौघांनी घेतली, मी एकटाच कसा नाही म्हणू? घेतली आणि लपवली." खरं बोलतोय असं वाटतं. तंबाखूनं काय होतं ते त्याला तोंडपाठ आहे. मग आता नवीन काय सांगू?

चष्मेवाली: शाळेत जाऊन त्या चौघांची नावं सांगा. आजच.

सोडलेला: ताई, शाळेत लगेच नका जाऊ. उद्यापासून तो तुम्हाला काही सांगणार नाही.

मी तेराव्या वर्षी सुरुवात केली आणि सतरा वर्षं ओढली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पाकीट फिरत माझ्यापर्यंत आलं आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले, एवढंच. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसलो. तोट्यांची माहिती मलाही होती. नव्हतं ते त्या दोन सेकंदांत बोलायला वाक्य.

2005 साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला होता. 13 ते 16 वर्षांची मुलं एकटी असताना घेत नव्हती असे धोके मित्र शेजारी बसल्यावर घेऊ लागली. मोठ्या माणसांत हा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे तुमचा मुलगा कमकुवत नाही, ते वयच तसं आहे. शिवाय त्यानं ती पेटवली नाही. मला ते जमलं नव्हतं.

त्याच्याकडून एक छोटं वाक्य घोकून घ्या. "मी नाही घेत." पुढे कारण द्यायचं नाही, कारण दिलं की ते खोडतात. तुम्ही मित्र व्हा, आग्रह करा, चिडवा, आणि त्याला मोठ्यानं म्हणू द्या. पहिल्यांदा लाजेल, तरी करा. आणि त्या चौघांत अजून कुणाला नको होती का, ते हळूच विचारा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांत बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे, तेव्हा ज्याची परीक्षा चाललेली असायची असे बरेच जण त्यांच्या मागे जायचे. एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी मागे जाणं खूपच कमी व्हायचं. मला तो एक मिळाला असता तर...

दोन मुलींचा बाबा: आमच्याकडे खूण ठरलेली आहे. मुलीनं नुसतं टिंब पाठवलं की मी फोन करून "लगेच घरी ये" म्हणतो. वाईटपणा माझ्यावर येतो, तिची सुटका होते. घरी आल्यावर त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही, हे मात्र पाळावं लागतं.

आठवीची आई: काल रात्री सराव केला. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं. मग स्वतःहून सांगितलं की चौघांतल्या एकानं नुसती ओठांत धरली होती, ओढली नव्हती. आज शाळा सुटल्यावर दोघं एकत्र घरी येणार आहेत. शाळेत गेले नाही अजून. टिंबाचं आज त्याला सांगते.