मदत हवी आहे : 'लिबुशे' या चेक नावाबद्दल

नमस्कार मंडळी. माझा भाचा ब्रनोला असतो, बायको चेक. मुलगी झाली तर तिच्या पणजीचं नाव ठेवायचं म्हणतात, लिबुशे. इकडे सांगलीत आमच्या ताईने ते 'लिंबू' ऐकलं आणि तेव्हापासून घरात हसू नि रुसवा दोन्ही चालू आहे.

मी जरा खोदून पाहिलं. चेक दंतकथेतली लिबुशे म्हणजे क्रोक नावाच्या सरदाराच्या तीन मुलींतली धाकटी, भविष्य जाणणारी. न्यायनिवाडा तीच करायची. पुढे नांगर धरणाऱ्या प्रेमिस्लशी लग्न केलं आणि 'जिची कीर्ती ताऱ्यांना भिडेल' असं प्राग नगर तिला आधीच दिसलं. बाराव्या शतकात कोस्मास या इतिहासकाराने ही कथा लॅटिनमध्ये लिहून ठेवली. चेक संगीतकार स्मेतानाचा 'लिबुशे' ऑपेराही (संगीत नाटक) आहे. 1881 मध्ये प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह त्यानेच उघडलं. चेक कॅलेंडरात नावांना ठरलेले दिवस असतात, तसा या नावाचा दिवस 10 जुलै.

नावाच्या मुळाशी 'लिबी' म्हणजे आवडणारी, प्रिय. तेच जुनं स्लाव्ह 'ल्युब', आणि त्याचं नातं थेट संस्कृत 'लुभ्'शी! आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो ना, तोच लोभ. हे सांगितल्यावर ताई थोडी विरघळली.

आता प्रश्न. तिकडे राहिलेलं कुणी आहे का इथे? हे नाव आज तिथे अगदीच आजीबाईंचं वाटतं का? घरात 'लिबुश्का' म्हणतात की 'लीबा'? आणि बारशाच्या पत्रिकेवर लिबुशे छापावं की लिबुशा? पत्रिका पुढच्या आठवड्यात छापायला द्यायची आहे. (हो, मुलगी होणार की मुलगा हे कळायच्या आधीच. ताईचा उत्साह.)